कझुंगुलाचा पूल: स्वतःची गाडी घेऊन बोत्स्वानातून झांबियात कोणी गेलंय का?

गॅबोरोनी
नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली गॅबोरोनेत, अजून उत्तरेला फ्रान्सिसटाऊनच्या पुढे गेलो नाहीये (हसू नका). आईबाबा पहिल्यांदाच आलेत आणि बाबांनी विमानातून उतरल्या उतरल्या विचारलं की तो व्हिक्टोरिया धबधबा इथून किती लांब. विमानाने नको म्हणतात, रस्त्याने जाऊ, देश बघायचाय. जुलैच्या सुट्टीत जायचा विचार आहे. गाडी माझीच आहे, एसयूव्ही, कर्ज अजून फिटायचंय.

प्रश्न असा की कझुंगुलाच्या नव्या पुलावरून झांबियात लिव्हिंगस्टनला जावं, की झिंबाब्वेत शिरून व्हिक्टोरिया फॉल्स गावातून बघावं? ऑफिसातले निम्मे म्हणतात पूल झाल्यापासून एकदम सोपं झालंय, निम्मे म्हणतात त्या सरहद्दीवर अख्खा दिवस जातो. बायकोचं म्हणणं, सत्तरीच्या माणसांना घेऊन नस्ती उठाठेव कशाला. कोणी स्वतः गेलेलं असेल तर सांगा. ऐकीव नको.

पंक्चर
ऐकीव नको म्हणजे निम्मे सभासद इथेच बाद.

मीरा_लुसाका
मी तीनदा गेलेय, दोनदा पुलावरून आणि एकदा पूल व्हायच्या आधी. पुलावरूनच जा.

पूल असा काही त्रासाचा नाहीच. ९२३ मीटर, मिनिट दीड मिनिटात संपतो, बोलता बोलता कळतही नाही खाली झांबेझी गेली ते. वेळ जातो तो पलीकडच्या इमारतीत. एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, तिथे एकच थांबा आहे. म्हणजे बोत्स्वानातून जाताना अलीकडे थांबायचंच नाही, सरळ पूल ओलांडायचा आणि बोत्स्वानातून बाहेर पडल्याचा शिक्का आणि झांबियात शिरल्याचा शिक्का दोन्ही झांबियाच्या बाजूला एकाच छपराखाली घ्यायचे. येताना उलट, सगळं बोत्स्वानाच्या बाजूला. आम्ही पहिल्या वेळी अलीकडेच गाडी लावून शिक्का शोधत फिरत होतो, शेवटी एका बाईंनी हाताने खूण करून पुलाकडे पिटाळलं.

माणसांचं काम वीस मिनिटांत होतं. गाडीचं काम लांबतं. गाडीचा तात्पुरता आयात परवाना, मग कार्बन टॅक्स, मग रस्त्याची फी, मग काउन्सिलची पावती, मग पुलाचा टोल, मग तिसऱ्या पक्षाचा विमा. प्रत्येकाची खिडकी वेगळी, आणि प्रत्येक खिडकीवरचा माणूस आधीच्या खिडकीची पावती मागतो. माझा दीड तास गेला होता. सकाळी सातला जाशील तर कमी.

नकाशेवेडा
वा, माझा आवडता पूल. कोणी नकाशात नीट बघितलाय का? वाकडा आहे. सरळ बांधला असता तर झिंबाब्वेच्या हद्दीतून गेला असता, म्हणून मुद्दाम बाक दिला. तिथे चार देश एका ठिपक्यापाशी येतात, नामिबिया, बोत्स्वाना, झांबिया आणि झिंबाब्वे, पण नेमके एका ठिपक्यात मिळत नाहीत. बोत्स्वाना आणि झांबियाची सामाईक हद्द नदीत जेमतेम दीडेकशे मीटर आहे. त्या फटीतून पूल काढलाय.

पंक्चर
म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणाला पाय लागू नये म्हणून भिंतीवरून आडवं चालत गेल्यासारखं.

नकाशेवेडा
अगदी. आणि त्या फटीवरून भांडणं पण झालीत. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचं (नामिबिया तेव्हा त्यांच्याच ताब्यात) म्हणणं होतं की अशी सामाईक हद्द अस्तित्वातच नाही, त्यामुळे तिथली फेरी बेकायदा. नामिबियाचा तो लांब चिंचोळा पट्टा, कॅप्रिवी, तो पण असाच उपद्व्याप. १८९० च्या करारात जर्मनांनी झांबेझीपर्यंत पोचायला वाट मागून घेतली, त्या वेळच्या चान्सलरचं नाव दिलं. नदीने खाली समुद्रापर्यंत जाता येईल असं वाटलं असावं. मध्ये केवढा धबधबा आहे!

झांबेझीची_सून
धबधबा आडवा आला म्हणून साम्राज्य अडलं, आणि आमच्या गॅबोरोनी भाऊंना तोच बघायला जायचंय.

ट्रकवाले_काका
मीरा म्हणते ते बरोबर आहे, थोडी भर घालतो. माझी मालवाहतुकीची नोकरी, बावीस वर्षं या भागात. कॉपरबेल्टचं आणि काँगोचं तांबं खाली डरबनच्या बंदराकडे आणायचं, वर जाताना यंत्रं, रसायनं. तुम्हाला पूल दिसतो, आम्हाला फेरी दिसते.

फेरी म्हणजे एक सपाट लोखंडी तराफा, पॉन्टून म्हणायचे सगळे. सत्तर टनाचा. एक मोठा ट्रक चढला की भरला, फार तर बाजूला एखाददुसरी छोटी गाडी आणि उरलेल्या जागेत माणसं, सायकली, कोंबड्या, पिठाची पोती. नदी तिथे चारशे मीटर. तेवढ्यासाठी ट्रकची रांग पार गावाबाहेर लागायची. माझा एक ड्रायव्हर सोळा दिवस उभा होता. सोळा. ट्रकखाली चटई टाकून झोपायचा, तिथेच स्वयंपाक, रांगेतल्या माणसांची आपसात ओळख होऊन पत्त्यांचे डाव लागायचे. एक तराफा बंद पडला की अर्धी रांग चिरुंडूकडे वळायची, तिकडे झिंबाब्वेतून. चिरुंडूला २००९ पासून एकच थांबा झाला होता, पण मग खाली दक्षिण आफ्रिकेच्या नाक्यावर, बीटब्रिजला अडकायचं. आगीतून फुफाट्यात.

२००३ साली क्षमतेपेक्षा जास्त भरलेला ट्रक चढला आणि तराफा कलंडला. अठरा माणसं बुडाली. त्यानंतर तराफ्यावर पाय ठेवताना मी कायम कडेला उभा राहायचो, बूट काढून हातात. लोक हसायचे. हसू देत.

पूल १० मे २०२१ ला उघडला. काम २०१४ ला सुरू झालेलं, मध्ये पैशांवरून रखडलं.

अवलिया७
काका, लिहीत राहा. स्वतंत्र धागा होईल याचा.

पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी २०१७ ला तराफ्यावरून गेलोय, लॅंडरोव्हर घेऊन, आणि ती मजा पुलावर नाही. पाण्याच्या पातळीवर उभं राहून चार देश गोल फिरून बघायचे, लाटेने गाडी हलते, शेजारी बाई डोक्यावर टोपलं घेऊन निवांत. पुलावरून काय दिसतं? कठडा आणि पुढच्या ट्रकची नंबरप्लेट. थांबायलाही देत नाहीत.

मीरा_लुसाका
तुम्ही एकदा गेलात म्हणून मजा. माझ्या कामवाल्या मावशी बहिणीला भेटायला त्याच तराफ्याने जायच्या, त्यांना विचारा मजा.

अवलिया७
मान्य. पण आठवण माझी आहे, ती तर राहू द्या की.

ट्रकवाले_काका
अवलिया, सोळा दिवस उभे राहिला असतात तर आठवण वेगळी झाली असती :)

बाकी_ठीक
मूळ प्रश्नाकडे. मी दोन्ही वाटांनी गेलोय. माझं मत झिंबाब्वे.

कारण सांगतो. कसाने, म्हणजे बोत्स्वानातलं सरहद्दीजवळचं गाव, तिथून झिंबाब्वेचा नाका दहा-पंधरा मिनिटांवर, तिथून व्हिक्टोरिया फॉल्स गाव तासाभरात. धबधब्याचा बराचसा भाग त्याच बाजूने समोरासमोर दिसतो. आणि मुख्य म्हणजे तिकडे बारा महिने पाणी असतं. झांबियाच्या बाजूला कड्याच्या अगदी टोकावर उभं राहता येतं हे खरं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे नुसता काळा खडक बघून परत याल.

मीरा_लुसाका
ते जुलैत जाणार आहेत. जुलैत दोन्हीकडे भरपूर पाणी. उलट एप्रिल-मेमध्ये गेलात तर तुषारांत काही दिसतच नाही, छत्री उलटी होते आणि कॅमेरा कामातून जातो. जुलै अगदी बरोबर महिना आहे.

गॅबोरोनी
धन्यवाद सगळ्यांना, ट्रकवाले काकांना विशेष. बाबांना वाचून दाखवलं, सोळा दिवसांवर ते फार वेळ गप्प होते. मग म्हणाले पुलावरूनच जाऊ.

गाडीची कागदपत्रं काय काय लागतील? आणि पैसे कोणते न्यायचे, पुला चालतात का तिकडे?

पंक्चर
पुलावर पुला चालणार नाहीत तर कुठे चालणार.

झांबेझीची_सून
पंक्चरला कोणीतरी आवरा.

बाय द वे, पुला म्हणजे सेत्स्वाना भाषेत पाऊस. वाळवंटाने आपल्या चलनाला पावसाचं नाव दिलं. मला हे फार आवडतं.

ट्रकवाले_काका
झांबियाच्या खिडक्यांवर क्वाचा लागतो. कसानेत बदलून घ्या, नाक्यावर गाडीला चिकटणाऱ्या पोरांकडून नको. नोटा मोजताना हात फार सफाईने चालतो त्यांचा.

गाडीचं नोंदणीपुस्तक मूळ. कर्ज आहे म्हणालात, तर बँकेचं पत्र लागेल की गाडी देशाबाहेर न्यायला हरकत नाही, त्यावर देशाचं नाव आणि तारखा असू द्या. पासपोर्ट, लायसन्स, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. त्रिकोण दोन. पुढे पांढरे आणि मागे लाल चमकणारे स्टिकर लावा, बोत्स्वानात कोणी विचारत नाही पण लिव्हिंगस्टनच्या वाटेवर पोलीस पहिलं तेच बघतो. वेग पण बघा. इकडे हायवेला १२० असतो, तिकडे १०० धरा.

पिवळा निऑन जाकीट घातलेली मंडळी धावत येतील, सर सर मी करून देतो. वाईट नसतात सगळे, पण गरज नाही. करायचाच असेल तर एकच धरा आणि पैसे आधी ठरवा. पावती मात्र स्वतःच्या हातात घ्या.

बाकी_ठीक
मांस नेऊ नका. बोत्स्वानाचा सगळा जीव गुरांवर आहे. लाळ्या-खुरकूतची एवढी धास्ती की नाक्यावर औषधाच्या ओल्या गादीवर चपला बुडवून चालायला लावतात, गाडीची चाकं औषधाच्या पाण्यातून. आमच्या डब्यातलं कच्चं मटण उत्तरेकडून येताना दिबेतेच्या फाटकावर काढून घेतलं. देशाच्या आतच आहे हे फाटक! सौ.चं मॅरिनेशन रात्रभराचं होतं. महालापेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

पंक्चर
महालापे तर दिबेतेच्या उत्तरेला आहे ना? उलटे निघालात की काय मटण मागायला?

बाकी_ठीक
गॅबोरोनेपर्यंत. गॅबोरोनेपर्यंत कोणी बोललं नाही. आता खूश?

अवलिया७
आणि रस्ता! सगळे पुलावर अडकलेत. गॅबोरोने ते कसाने नऊशेच्या वर किलोमीटर आहेत. एका दिवसात करू नका, नाताला मुक्काम करा. नाता ते कझुंगुला तीनशे किलोमीटर, मध्ये पांडामातेंगा सोडलं तर फारसं काही नाही, टाकी नातालाच भरा. आणि अंधार पडायच्या आत पोचा. अंधारात हत्ती दिसत नाही. खरंच दिसत नाही, एवढा मोठा असून. डांबराच्याच रंगाचा असतो आणि डोळे हेडलाइटच्या वर. दिवसा दिसला तर लांब थांबा, हॉर्न नको, जाऊ द्या त्याला. गाढवांचं त्याहून वाईट, ती हॉर्नलाही हलत नाहीत.

नकाशेवेडा
आईबाबांना तो जुना पूल पण दाखवा, धबधब्याखालचा. १९०५ चा आहे, १९८ मीटर लांब आणि पाण्यापासून १२८ मीटर उंच. पोलाद इंग्लंडात तयार करून जहाजाने आणून जोडलं. ऑगस्ट १९७५ मध्ये त्या पुलाच्या बरोब्बर मध्यावर आगगाडीचा डबा उभा करून बैठक झाली होती. झांबियाचे कौंडा, दक्षिण आफ्रिकेचे फोर्स्टर, ऱ्होडेशियाचे (म्हणजे आजच्या झिंबाब्वेचे) इयान स्मिथ वगैरे. ऱ्होडेशियाचे लोक आपल्या हद्दीत बसले आणि समोरचे झांबियाच्या हद्दीत, मध्ये टेबल. बोलणी त्याच दिवशी फिसकटली.

झांबेझीची_सून
टेबलाच्या मधून सरहद्द. आमच्याकडे दिवाळीला दोन काकू समोरासमोर बसतात तसं.

नकाशेवेडा यांच्या मुद्द्याला जोडून, त्या पुलावर चालत जाता येतं. झांबियाच्या नाक्यावर एक चिठ्ठी देतात, ब्रिज पास म्हणतात, ती घेऊन पुलावर जाऊन परत यायचं, झिंबाब्वेचा व्हिसा लागत नाही. चिठ्ठी हरवू नका.

शून्यमैल
उशिरा आलोय धाग्यावर. सगळं वाचलं. एक साधा प्रश्न.

आईबाबांचा बोत्स्वानाचा व्हिसा सिंगल एंट्री आहे की मल्टिपल?

पंक्चर
आई गं.

मीरा_लुसाका
हे मला आधी सुचायला हवं होतं. मी इथल्या परवान्यावर असते म्हणून डोक्यातच आलं नाही.

गॅबोरोनी
आत्ता कपाटातून पासपोर्ट काढून बघितले.

सिंगल.

शून्यमैल
मग पूल कितीही चांगला असू दे, तुम्ही पलीकडे जाल आणि ते दोघं परत येऊ शकणार नाहीत. झिंबाब्वेतून गेलात तरी तेच. आमच्या सासूबाई अशाच एका रविवारी नाक्यावर बाकावर बसून होत्या आणि आम्ही कोणाकोणाला फोन करत होतो. संध्याकाळी मार्ग निघाला, पण तो दिवस नको. आधी इमिग्रेशन ऑफिसात जाऊन मल्टिपलचं बघा. झांबियाच्या व्हिसाचंही बघून घ्या, ते नियम सारखे बदलतात, निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासायचे.

बाकी_ठीक
इथे अठ्ठावीस प्रतिसाद झाले, हत्तीपासून चान्सलरपर्यंत सगळं आलं आणि पासपोर्ट कोणी उघडला नाही. दंडवत.

गॅबोरोनी
अपडेट. नव्याने अर्ज टाकलाय. जुलै रद्द. बायको काही म्हणाली नाही, नुसती बघितली.

पंक्चर
ते म्हणण्यापेक्षा वाईट.

गॅबोरोनी
धागा वर काढतोय, जाऊन आलो!

व्हिसा पाच आठवड्यांनी मिळाला, आईबाबांचं परतीचं तिकीट पुढे ढकललं, आणि ३० सप्टेंबरच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला जोडून निघालो. नाताला मुक्काम. पांडामातेंगाच्या पुढे रस्त्यात अकरा हत्ती, आईने मोजले. ती म्हणे बारावा झाडामागे होता, पण तो आम्ही धरला नाही.

पुलावर सकाळी साडेसातला. मीराताई, तुमचं वाचलं नसतं तर मीपण अलीकडेच गाडी लावली असती, आमच्या पुढच्या गाडीने तेच केलं. पुलाच्या मधोमध रुळांसाठी जागा सोडलीय, दोन्ही बाजूंनी रस्ता. बाबांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि पूर्ण पूल तसेच बसले. ट्रकवाले काका, त्यांनी मला हळू चालव म्हणून सांगितलं होतं, मागच्या ट्रकने हॉर्न दिला तर त्याच्याकडे बघून हात जोडले.

आतल्या खिडक्यांवर एक तास पन्नास मिनिटं. बँकेचं पत्र मागितलं. स्टिकर विचारले, पुढच्या पोलीस नाक्यावर, काकांनी सांगितलं होतं तसेच. आईच्या चपला औषधात बुडवायला सांगितल्या तर ती म्हणाली नव्या आहेत, मग पिशवीतल्या जुन्या काढून त्या बुडवल्या. अधिकारी बाई हसायला लागल्या.

धबधब्याचं मात्र बाकी_ठीक म्हणाले तेच झालं. जुलैत गेलो असतो तर ठीक होतं, सप्टेंबर संपता संपता झांबियाच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी उघडा कडा. दोन-चार धारा. आई म्हणाली एवढ्यासाठी बाराशे मैल. मग चिठ्ठी घेऊन जुन्या पुलावर गेलो आणि तिथून घळीत वाकून बघितलं तेव्हा जरा बरं वाटलं तिला. खाली पाणी हिरवं, वर बंजीवाले ओरडत होते.

बाकी_ठीक
मी म्हणालो होतो असं मी म्हणणार नाही.

मीरा_लुसाका
बाराशे मैल नाही हो, सातशेही नसतील.

गॅबोरोनी
आईला सांगून बघा.

ट्रकवाले_काका
छान लिहिलंत. तराफ्याची जागा दिसली का?

गॅबोरोनी
येताना कसानेला जायच्या आधी मुद्दाम वळलो. उतार आहे अजून, पाण्यात जाणारा, कडेला गवत वाढलंय. एक माणूस तिथे जाळं दुरुस्त करत बसला होता. बाबांनी त्याला विचारलं सोळा दिवसांच्या रांगेबद्दल, माझ्या इंग्रजीतून. तो म्हणाला त्याची बायको त्या रांगेत उकडलेली अंडी विकायची, पूल झाला तसं ते बंद झालं.

ट्रकवाले_काका
पिवळं छप्पर होतं का टपरीला? तिच्याकडची खाल्लीत मी. मिठाची पुडी वेगळी द्यायची.

गॅबोरोनी
टपरी नव्हती आता. छपराचं विचारायचं राहिलं.

अवलिया७
मोटारसायकलला पण तेवढ्याच पावत्या लागतात का? एप्रिलात निघायचा विचार आहे.

गॅबोरोनी
बाबांना विचारतो. सगळ्या पावत्या त्यांनी तारीखवार लावून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवल्यात, घरी घेऊन जाणार आहेत म्हणे.